मागची सीट

आमच्या दापोलीच्या बाजूला एखाद्या घराची हकिकत त्याच्या दारातल्या गाड्यांवरून सांगता येते. आधी कुणाकडेच काही नव्हतं, एस.टी. होती, तीही दिवसातून दोनदा. मग नाक्यावर वडापच्या जीपा उभ्या राहायला लागल्या. १९९४ साली टाटांची सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरं घेऊन ते नाव ठेवलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आम्हाला तो जपानी पैलवानच वाटायचा. २००० साली महिंद्रांची बोलेरो आली आणि ज्याच्या खळ्यात बोलेरो उभी तो सुखवस्तू, असं ठरून गेलं. लग्नाची वऱ्हाडं, गणपतीला आलेले चाकरमानी, आंब्याच्या पेट्या, अडलेली बाळंतीण, सगळं ह्याच गाड्यांतून गेलं-आलं.

पुरुष मंडळी ह्या गाड्यांबद्दल बोलायला बसली की इंजिनाचं बोलतात. कशेडी घाट कितव्या गिअरवर चढली, पावसात नदीच्या पाण्यातून कशी काढली. बायकांना विचारा, त्या वेगळंच सांगतील. कारण आम्ही मागे असायचो. पुढे ड्रायव्हरशेजारी घरातला कर्ता, मधे पाहुणे आणि वडीलधारे पुरुष, मागे बायका, पोरं, नारळाचं पोतं आणि देवाचं सामान. मागचे बाक आडवे, समोरासमोर. चौघांच्या जागी सहाजणी आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर. गाडी पुढे चाललेली आणि आपण कडेला तोंड करून बसलेलो. वळण आलं की सगळ्याजणी एका बाजूला कलंडायच्या, पुढच्या वळणाला दुसऱ्या बाजूला. दापोलीतून कुठेही जा, खेडला जा, हर्णैला जा, मंडणगडला जा, वळणांना तोटा नाही.

आमच्या काकींना गाडी लागायची. काकी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका तरुणपणीच गेले. मूलबाळ नव्हतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेतावर जायच्या आणि काकी घरात पोरं सांभाळायच्या. आमच्या ह्यांना आणि भावोजींना त्यांनीच भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं. मी लग्न होऊन आले तेव्हा काकी पन्नाशीच्या होत्या. गाडीचं नाव काढलं की त्या पदराच्या टोकाला लिंबाचं पान बांधायच्या, आवळासुपारी तोंडात धरायच्या, तरी खेडच्या अर्ध्या वाटेत गाडी थांबवायला लागायची. मग कुणीतरी म्हणायचं, “काकीला कशाला आणली?” हळूहळू त्यांनीच येणं सोडलं. लग्नकार्याला सगळे गाडीत बसले की त्या बेड्यापाशी उभ्या राहून सांगायच्या, “जावा तुमी. मी घर बगतंय.” माहेर केळशीला, दापोली तालुक्यातच. तिथेही त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या.

तर गाडी घ्यायचं निघालं ते २०२३ च्या गणपतीत. जुनी बोलेरो थकली होती. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग वादळाने आमची निम्मी कलमं आडवी केली, तेव्हापासून बागेच्या पैशावर मोठं काही करायची सोय राहिली नव्हती. आता भावोजींनी डोंबिवलीहून सांगितलं होतं की पहिली रक्कम मी भरतो, गावची गाडी चांगली असू दे. उरलेला हप्ता माझ्या पगारातून कापला जाणार होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळे ह्या वेळी माझं मत विचारलं गेलं. आधीच्या दोन गाड्या दारात आल्या तेव्हा मला हळदीकुंकू घेऊन बोलावलं होतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर बैठक बसली. दोन पक्ष होते. आमचे हे महिंद्रांच्या स्कॉर्पिओ-एनचे, भावोजी टाटांच्या सफारीचे. दोघांच्याही बोलण्यात जुना अभिमान होता. पहिली सफारी १९९८ ची, पहिली स्कॉर्पिओ २००२ ची. नवी सफारी २०२१ साली आली, ती पुण्यात तयार होते. स्कॉर्पिओ-एन २०२२ ची, ती चाकणला. म्हणजे दोन्ही गाड्यांचं जन्मगाव एकाच जिल्ह्यात. तरी दोघे भाऊ असे भांडत होते, जशी एक विलायतेची आणि एक घरची.

“सफारीला चारी चाकांचं ओढणं नाही,” हे म्हणाले. “पावसात खालच्या बागेत उतरायचं तर काय तुझी सफारी उतरणार?”

“बागेत माणसं न्यायची आहेत का शेणखत?” भावोजी म्हणाले.

मी शाळेची एक कोरी वही काढली, मधोमध रेघ मारली आणि दोन्हीकडे आकडे लिहायला घेतले. आकडे लेक मोबाइलवरून वाचून सांगत होती. ऑक्टोबरात सफारीचा नवा चेहरा बाजारात आला, तेव्हा तिच्या बाजूचे आकडे खोडून पुन्हा लिहिले. लांबी: स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिलिमीटर, सफारी ४६६८. फरक सहा मिलिमीटर, म्हणजे भाताचा एक दाणा. रुंदी: १९१७ आणि १९२२. पुन्हा भाताचा दाणा. दोन चाकांमधलं अंतर २७५० आणि २७४१. ताकद, वरच्या मॉडेलात, १७५ घोडे आणि १७० घोडे. स्कॉर्पिओचं डिझेल इंजिन २.२ लिटरचं, सफारीचं २ लिटरचं. ज्या गोष्टीसाठी दोन सख्ख्या भावांनी आवाज चढवला होता, त्या गोष्टीत बाहेरून बोटभरही अंतर नव्हतं.

रुंदीचा प्रश्न मात्र खराच होता. मुख्य रस्त्यापासून आमच्या घरापर्यंतची वाट दोन जांभ्याच्या गडग्यांमधून येते. ह्यांनी सुंभ घेऊन मोजली, सगळ्यात अरुंद जागी आठ फूट. दोन्ही गाड्या सव्वासहा फुटांच्या वर, शिवाय आरसे. आसूदच्या बागेतून ज्याने गाडी काढली आहे त्याला ह्यात नवल नाही. पण आठ फुटांतून स्कॉर्पिओ गेली तर सफारीही जाणार आणि सफारी अडकली तर स्कॉर्पिओही अडकणार. तो मुद्दा दोघांनाही सारखाच लागू पडला म्हणून निकालात निघाला.

खरा फरक आत होता. तो मला आमच्याच घरांवरून समजला. जुनं कौलारू घर लाकडी खांबांवर उभं असतं. खांब, तुळया, वासे यांचा सांगाडा आधी उभा राहतो, भिंती नंतर भरतात. भिंत पडली तरी घर उभं राहतं. नंतरची घरं चिऱ्यांच्या भिंतींवर उभी राहिली, त्यात भिंतच खांबाचं काम करते. स्कॉर्पिओ-एन पहिल्या जातीची. खाली लोखंडी शिडीसारखी चौकट, तिच्यावर वरचं अंग बसवलेलं. धक्के खाणं, ओझं ओढणं, खडकाळ उतारावर तिरकं उभं राहणं, हे सगळं ती चौकट सोसते. वरच्या किमतीच्या डिझेल मॉडेलांत चारी चाकं फिरवायची सोयही मिळते. सफारी दुसऱ्या जातीची, सगळं अंग म्हणजेच सांगाडा आणि पुढची दोनच चाकं ओढणारी. खाली वेगळी चौकट नाही म्हणून बसायची जागा थोडी खाली येते. उंचीत स्कॉर्पिओ १८५७ मिलिमीटर आणि सफारी १७९५, म्हणजे तीन-चार बोटांचा फरक. तरुण माणसाला तीन-चार बोटं काहीच नाहीत. आईंच्या गुडघ्याला विचारा.

खालच्या बागेचं म्हणाल तर आम्ही हिशेब मांडला. आमच्याकडे पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेवढे चार महिने त्या उतारावर कुणीच गाडी घालत नाही, बैलसुद्धा बिचकतो. मोसमात पेट्या आणायला पिकअप भाड्याने सांगतो, ती सांगावीच लागणार. वीस लाखांच्या गाडीत आंब्याचा चीक आणि पेंढा कोण भरणार? हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बरं. माणसांसाठी गाडी, हे धरून चल.”

मग माणसं मोजायची वेळ आली. भावोजींनी बोटांवर मोजली. आई, आम्ही दोघं, आमची लेक, ते दोघं, त्यांचा मुलगा. “सात माणसं, सात सीटा. चोख.”

मी विचारलं, “आणि काकी?”

“काकी कुठे येते, वहिनी? तिला गाडी लागते.”

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. काकी स्वतःच माजघरातून म्हणाल्या, “माजं काय धरताय? मी कुटं जातंय?” पण मला दुसरंच माहीत होतं. त्या वर्षी काकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी चिपळूणला जाऊन ऑपरेशन करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. चिपळूण म्हणजे खेडवरून साठ-पासष्ट किलोमीटर. काकींनी ती चिठ्ठी देवघरात हळदीच्या डबीखाली ठेवून दिली होती. तांदूळ निवडताना खडे राहायला लागले होते. संध्याकाळी पडवीची पायरी त्या पायाने चाचपत उतरायच्या. गाडी घेतो आहोत सात माणसांची, आणि जिला गाडीची खरी गरज तीच मोजणीत नाही.

शाळेत मुलांना कान शिकवताना मी सांगते की कानाच्या आत तोल सांभाळायचं एक यंत्र आहे. गाडी वळली की ते यंत्र मेंदूला सांगतं, आपण हललो. डोळ्यांपुढे मात्र समोरच्या बाईचा पदर आणि गाडीचा पत्रा, दोन्ही जागच्या जागी. डोळे म्हणतात, आपण हललो नाही. दोघांचं पटत नाही आणि पोट ढवळतं. म्हणून ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, त्याला वळण आधी दिसतं. आडव्या बाकावर बसलेल्या बाईला वळण आल्यावरच कळतं. काकी जन्मभर जिथे बसल्या तिथे कुणालाही मळमळलं असतं. जो पुढे बसला त्याला ते कळायचं कारण नव्हतं.

तेव्हा मी वहीचं पान उलटलं आणि गाडी मागून बघायला सुरुवात केली. इंजिन, आवाज, मोठा पडदा, छताची काच, हे सगळं खाली ढकललं. पहिला प्रश्न: तिसऱ्या ओळीत जो बसेल त्याचं काय? दुसरा: मधल्या ओळीत म्हातारं माणूस कसं चढेल आणि त्याला खिडकीतून पुढचा रस्ता दिसेल का? तिसरा: ठोकर बसली तर मागच्या माणसाचं काय?

तिसऱ्या प्रश्नावर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. एवढी महाग गाडी, एवढा मोठा माणूस. तरी आमच्याकडे मागे पट्टा लावणाऱ्याला अजून हसतात. दोन्ही गाड्या परदेशातल्या ग्लोबल एनकॅप संस्थेने आपटून बघितल्या आहेत. मोठ्या माणसांच्या बचावात दोघींना पाचपैकी पाच तारे. लहान मुलांच्या बचावात स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली तीन, सफारीला २०२३ साली पाच. सफारीत सहा एअरबॅगा सगळ्याच मॉडेलांत होत्या. स्कॉर्पिओ-एनमध्ये सहा हव्या तर वरचं मॉडेल घ्यावं लागत होतं. हे मी लाल पेनाने लिहिलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघायला शोरूममध्येच जावं लागलं. विक्रेता तरुण पोरगा होता, बोलायला गोड. तो ह्यांना चालकाच्या सीटवर बसवायला निघाला. मी म्हटलं, “आधी मला मागे बसू द्या.” त्याने मागचं दार उघडून तिथे ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी काढली. म्हणाला, “मॅडम, मागे कोण बसतंय? लोक सीट दुमडून सामानच ठेवतात.” मी साडी सावरून आत शिरले. नंतर दुसऱ्या शोरूममध्येही तसंच केलं. दोन्हीकडे थोडं वाकून, एक पाय आधी टाकूनच जावं लागतं, हे खरं. फरक बसल्यानंतरचा. स्कॉर्पिओ-एनमध्ये मागे दोघांसाठी एक सलग बाक. दुमडायचा तर सगळा दुमडायचा, आणि तिसऱ्या ओळीला एसीची वेगळी जाळी नाही. सफारीत मागच्या दोन पाठी सुट्ट्या. एका बाजूला माणूस बसवून दुसऱ्या बाजूला तांदळाचं पोतं ठेवता येतं, आणि एसीची जाळी मागच्या ओळीपर्यंत आलेली. मागच्या सीटा उघडल्या की सामानाला जागा दोन्हीकडे नावालाच राहते. गणपतीच्या दिवसांत छतावर कॅरिअर लावावं लागणार, हेही लिहून ठेवलं.

सफारी सहा सीटांचीही मिळते. मधे दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट. विक्रेत्याने तीच पुढे केली. जाऊबाईंना ती फार आवडली. पण आम्हाला मुळात एक सीट कमीच पडत होती, आणखी एक कमी करून कसं चालेल?

राहिला दुसरा प्रश्न. त्यासाठी काकींना गाडीत बसवणं भाग होतं. दिवाळीनंतर स्कॉर्पिओ-एन चालवून बघायला घरी आणून दिली. काकी यायला तयार नव्हत्या. आई म्हणाल्या, “अगो, मी बसतंय नि तू नाय?” तेव्हा कुठे त्या उठल्या. लिंबाचं पान पदराला बांधलंच. मी त्यांना मधल्या ओळीत डाव्या खिडकीशी बसवलं, पट्टा लावून दिला, काच दोन बोटं खाली केली आणि सांगितलं, “काकी, पोरांकडे बघू नका, पायाकडे बघू नका. पुढच्या काचेतून लांब रस्त्याकडे बघा.”

“लांबचं माला दिसतंय कुटं?” त्या म्हणाल्या. “सगलं धुरकट.”

“धुरकट तर धुरकट, तिकडेच बघा.”

आसूदची उतरण, मग पुढची वळणं. मी त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या कपाळाकडे बघत होते. घाम फुटला की समजायचं. घाम फुटला नाही. हर्णै बंदरावर गाडी थांबली तेव्हा संध्याकाळचा लिलाव सुरू झाला होता, पापलेट-सुरमईच्या राशी लागल्या होत्या, पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. काकी पदर नाकाला न लावता उतरल्या आणि म्हणाल्या, “आलं पन हर्णै?” मग स्वतः टोपलीवर वाकून कोळणीशी घासाघीस केली. आठवड्याने सफारी आली. तीच वाट, तीच खिडकी, काकींना काही झालं नाही. गाडी कुठलीही असो, सीट बदलली तेवढ्यानेच काम झालं होतं.

त्यामुळे काकींचं मत दोन्ही बाजूंना पडलं. आईंनी चढण्या-उतरण्यासाठी सफारीला मत दिलं. लेकीने मागे बसून बघितलं आणि सफारी म्हणाली. ह्यांनी स्कॉर्पिओ सोडली, पण पटवून घेऊन सोडली; नुसतं बायकोने सांगितलं म्हणून नाही. शेवटचा धक्का पैशाने दिला. त्या वेळी अशा मोठ्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस होता, तो शोरूमच्या किमतीत धरलेलाच असतो. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स: डिझेल गाडी दहा ते वीस लाखांची असेल तर १४ टक्के, वीसच्या पुढे १५. म्हणून किंमत वीसच्या आत ठेवायची असं मी बजावलं होतं. त्या मर्यादेत छताची काच नाही, कातडी सीटा नाहीत, पण सहा एअरबॅगा आणि मागची जाळी बसत होती. मला तेवढंच हवं होतं.

ह्याचा अर्थ स्कॉर्पिओ-एन घेणारा चुकला असं नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने तीच घेतली आणि तो सुखात आहे. त्याच्या घरात माणसं तीन, मागची सीट वर्षभर दुमडलेली, आणि त्याची जागा अशा डोंगरउतारावर आहे की चारी चाकं लागतातच. त्याच्या वहीत पहिला प्रश्न वेगळा होता. आम्ही त्याचं बघून गाडी घेतली असती तर फसलो असतो आणि त्याने आमचं बघून घेतली असती तर तोही. घर कुणाचं, त्या घरातला शेवटचा माणूस कुठे बसतो, हे त्या घरानेच बघायचं.

२०२४ च्या पाडव्याला, ९ एप्रिलला, गाडी दारात आली. एमएच-०८, पांढरी. नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. माणसं आठ आणि सीटा सात, हा हिशेब तरीही सुटला नव्हता. तो भावोजींनीच सोडवला. “मी खेडपर्यंत कोकण रेल्वेने येईन, वहिनी. तिथून वडाप हाय की.” बोलताना त्यांनी काकींकडे बघितलं. काकी लाजल्या. “माज्यासाटी पोराला वडापला पाटवताव?” त्या म्हणाल्या, पण खिडकी सोडली नाही.

मी एक नियम कॅलेंडरच्या मागे लिहून स्वयंपाकघरात लावला. आई आणि काकी मधे, खिडक्यांशी, कायमच्या. तिसरी ओळ बाकीच्यांना पाळीपाळीने. पुरुषांनाही. पट्टा सगळ्यांना. ह्यांनी वाचलं आणि विचारलं, “म्हणजे मी चालवत नसलो तर मी मागे?” मी म्हटलं, “पाळी आली तर.” जाऊबाईंनी फोनवर ऐकलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की भावोजींनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

मे महिन्यात काकींचा उजवा डोळा झाला, पावसाळा संपल्यावर डावा. दोन्ही वेळा चिपळूणला जाऊन-येऊन काकींनी गाडी एकदाच थांबवायला लावली, तीही भरणे नाक्यावर चहासाठी. पट्टी काढून घरी आल्यावर त्या ओटीवर बसून बराच वेळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्या गडग्याला एवढं शेवाळ कदी आलं गो?”

दिवाळीत त्यांना केळशीला न्यायचं ठरलं. त्यांचा भाऊ गेला, भावजय आहे. महालक्ष्मीचं दर्शनही राहिलं होतं. हर्णै, आंजर्ल्याचा पूल, मग आडे करत जायचं. मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आहे आणि ह्या रस्त्याला हात बसावा म्हणून त्या दिवशी चालवायला मीच बसले. शेजारी लेक. मधे आई, काकी आणि आईंच्या माहेरची एक बाई. मागे फराळाचे डबे, तांदळाचं पोतं आणि पाळी आली म्हणून आमचे हे. सहा फुटांचा माणूस, गुडघे छातीशी.

पुलाच्या अलीकडचं वळण मी जरा वेगात घेतलं असेल. मागून ह्यांचा आवाज आला, इतक्या वर्षांच्या संसारात कधी न ऐकलेला.

“अगं, हळू घे. मागे लागतं.”

काकी खिडकीतून खाडीकडे बघत होत्या. मान न वळवता त्यांनी पदराची गाठ सोडली, लिंबाचं पान काढलं आणि हात मागे करून त्यांच्या हातात दिलं.